वरच्या माळाची एक सही

नऊ दिवस ही पोस्ट टाळतोय. लिहायला बसतो, काहीतरी काम काढतो आणि उठतो.

आण्णा गेले.

लिहिलं एकदाचं.

ओळखत नसाल तर सांगतो. आण्णा आमच्या मंद्रूप भागातले रिटायर्ड कृषी सहायक. रिटायर झाल्यावरही शेतकऱ्यांच्या जमिनीचे आराखडे फुकटात करून द्यायचे. उतार कुठे, चर कुठे, बांध कुठे, आणि त्याला अनुदान कुठल्या स्कीममधून.

मी त्यांची काठी धरायचो. खरंच काठी. दोन काठ्या, मध्ये पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीला आलं की खूण करायची, तिथून चर.

त्याआधी उजनीकाठी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत फिरलो, मग केळीच्या ट्रकवर होतो, ट्रकवाल्याने एकदा इंदापूरजवळ... जाऊ दे, ते वेगळंच आहे.

आण्णा कानडी मिसळून ओरडायचे, "बारो, ये रं इकडं. सरळ धर. काठी तिरकी म्हंजी आराखडा तिरका. तू तर तिरका हाइसच."

शेवटचं काम आमच्याच गावच्या उताराचं. एक उतार, अकरा खातेदार. स्कीमची अट अशी की काम माथ्यापासून करायचं आणि सगळ्यांची संमती पाहिजे. वरच्या माळाचं पाणी अडवलं नाही तर खालचे बांध एका पावसात फुटतात, माती ओढ्यात जाते.

दहा सह्या आल्या. माळाची राहिली.

माळ गावच्या जावयाकडे. शहरात सात रस्ता चौकात त्यांचं टायरचं दुकान. दोन वर्षं आम्ही तिथे खेटे घातले. जावई म्हणजे मान. आण्णा त्यांच्यापेक्षा वयाने मोठे, तरी उभे राहून बोलायचे.

"बसा की आण्णा. चहा सांगतो."

"चहा झाला. सहीचं बगा की, पाव्हणं."

"माळ ईकायचाय ओ. चर खांदल्यावर प्लॉट कोन घील?"

गेल्या महिन्यात आण्णा तापाने पडले. एक दिवस पडल्या पडल्या फाइल मागितली.

"माळाचा सातबारा वाच. खातेदार कोन?"

वाचलं. जावयाचं नावच नव्हतं. सुमन. जावयाची बायको, गावची लेक. बापाने माळ तिच्या नावावर केलेला.

"मोट्यानं वाच."

परत वाचलं.

आण्णांनी सातबारा हातात घेतला, नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "जन्मभर लोकांना सातबारा वाचून दावला रं. आन सोता जावयाला ईचारत बसलो. लेकीला ईचारायचं सुचलंच न्हाय की."

त्यांनी स्वतः सुमनताईंना चिठ्ठी लिहिली.

"उद्याच जा. दुपारी जा, पाव्हणं दुकानात असत्यात तवा."

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही.

उजनीकडच्या मित्राचा फोन आला, मोटार जळाली म्हणून. गेलो तिकडे. चार दिवस राहिलो. धरणातले चिलापी मासे खाल्ले, झोपा काढल्या. चिठ्ठी खिशातच.

पाचव्या दिवशी दिली. ताईंनी दारातच वाचली, घडी घातली. "बगते," एवढंच म्हणाल्या.

परत आलो तर आण्णांच्या दारात माणसं जमलेली.

चिठ्ठी पोचली हे त्यांना कळलंच नाही.

दोन दिवसांनी जावयाचा फोन. "आमच्या घरी यायचं न्हाय. सही होनार न्हाय."

प्रस्तावाची मुदत सोमवारी संपते. रोज कोणीतरी विचारतं, "काय झालं रं माळाचं?" मी मान हलवतो. वैताग नाही, राग नाही. नुसता थकलोय. बॅग भरून कुठेतरी निघावं वाटतं, पण निघवत नाही.

आण्णा, चिठ्ठी उशिरा दिली. माफ करा. शांत झोपा आता.

एक मिनिट.

आण्णांच्याच ओसरीवर बसून लिहितोय. पोस्ट टाकणार, तेवढ्यात समोर एसटी थांबली. सुमनताई उतरल्या. एकट्याच. हातात आधारची झेरॉक्स.

आण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात उभ्या आहेत. त्यांना ताई विचारतायत,

"आण्णा हायत का घरात? सही कुटं करायची ते त्यांनीच दावावं म्हनलं."

काकू माझ्याकडे बघतायत.