सुलूच्या वाट्याचे पेडवे

हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मी न सांगितलेली मालवणातली ही एकच गोष्ट असेल — एरवी मी पकडलेली सुरमई दर वर्षी हातभर वाढते, हे अख्ख्या धक्क्याला ठाऊक आहे.

संताप येतो मला त्या पावडरीच्या डब्यांचा! वर गुटगुटीत पोर, डोक्यातून निघणारे किरण, खाली 'मेंदूच्या वाढीसाठी अमिनो ॲसिड'. टपरीवर मी त्या कंपन्यांचे असे वाभाडे काढतो की हातातला चहा गार होतो. पण डबे विकले कोणी? माझ्याच औषधाच्या दुकानाने.

नुसते विकले असते तर एक वेळ — नाही, तेही नाही.

शेजारची सुलू तान्ह्या मुलीला काखेत घेऊन आली होती. नवरा रापणीवर; किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढलं की वाट्याला टोपलीभर पेडवे, ती बोटभर मासळी. पेजेत कुस्करलेले ते पेडवे पोर चाटूनपुसून खायची. मी म्हटलं, "पेडवे घालतंस? गो, माझ्या साडवाचो झिल ह्यो डबो खाऊन वर्षाचो होऊच्या आधी पाढे म्हणूक लागलो!"

"खरा काय रे, भाऊ?"

खरं कसलं? साडूला मुलगाच नाही; दोन मुली, दोघीही गणितात नापास.

सुलू आपला वाटा किनाऱ्यावरच विकू लागली आणि डबा नेऊ लागली. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पावडर कमी, पाणी जास्त. पोर धड बसेना.

कुडाळला दवाखान्यात मीच नेलं — माझी गाडी, माझा रुबाब. डॉक्टरीणबाई भडकल्या. मेंदू घडतो तो याच दिवसांत, पोटात अन्न नसेल तर घडणार कशाने? डब्यावर लिहिलंय ते सगळं माशात होतं, अंड्यात, डाळीत होतं! "मासे बंद करायला कोणी सांगितलं?"

सुलूने माझ्याकडे पाहिलं.

आणि मी? मी तिच्यावरच ओरडलो. "या बायकांना किती सांगायचं, बाई! जाहिरात बघतात आणि —" शुद्ध मराठीत, चढ्या आवाजात.

"चुकला माझा," सुलू म्हणाली.

पोर आता शाळेत जाते. बोलणं उशिरा आलं, अक्षरं अजून येत नाहीत. त्या डब्यामुळेच का, हे डॉक्टरीणबाई खात्रीने सांगत नाहीत. त्या आडोशाला मी बसणार नाही.

रापण लागली की सुलू अजून आमच्याकडे पेडवे पाठवते. काल पोरगीच घेऊन आली. पिशवी पुढे करून, एकेक शब्द जुळवत म्हणाली — "मामा... आयेन... धाडल्यान."

घेतले मी. तळून खाल्ले.