एलोजीचा घाणा

शनिवारी दुपारी आमच्या घरात झोपण्यावाचून दुसरं काही करता येत नाही. शब्बाथ असतो, आमचा विसाव्याचा दिवस. गॅस पेटवायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, आणि पियानोचं झाकण तर नेहमीच शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत बंद व्हायचं. कालचा भात आणि नारळाच्या रसातली मासळी खाऊन माणसं जागा मिळेल तिथे आडवी होतात. मीही आडवी झाले आहे, पण दातओठ खात.

कारण सेराआत्या. पप्पांची धाकटी बहीण. आज जेवायला आली, मासळी दोनदा मागून घेतली आणि हात धुता धुता म्हणाली, "बापाची माती अजून ओली आहे, आणि ही उद्या चारचौघांत बसून बाजा बडवणार! मजा मारायला हिला हेच वर्ष सापडलं."

माझा भाऊ हनोख खाली मान घालून काटे वेचत राहिला. आत्या आत जाऊन लवंडल्यावर हळूच म्हणाला, "ताई, एका वर्षाचाच तर प्रश्न आहे गं. पुढच्या वर्षी वाजव."

आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. आमच्यात आई किंवा बाप गेला की वर्षभर गाणंबजावणं वर्ज्य. पप्पा पावसाळ्याच्या शेवटी गेले, तेव्हापासून चार महिने पियानोचं झाकण बंदच आहे, आणि वर्ष सरायला अजून पुष्कळ अवकाश आहे. आणि उद्या संध्याकाळी ठाण्यातल्या एका छोट्याशा सभागृहात मी एलोजी सामाजी वाकरूळकर यांचं संगीत वाजवायचं असं पप्पा असतानाच ठरलंय.

हे एलोजी कोण, असं सगळेच विचारतात, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. राणीच्या राज्यातला आमचाच माणूस. कोकणातल्या तेल्याचा मुलगा. मामा पुण्याच्या लष्करात बँडमध्ये होता, त्याच्याकडे राहून हा गोऱ्या अफसरांच्या मेसमधल्या पियानोवर शिकला, आणि असा शिकला की साहेबलोकांनी तोंडात बोटं घातली. तिशीच्या आत स्वतःच्या रचना मुंबईत छापून घेतल्या. आणि मग एकदम गडप. कुठे नाव नाही, कार्यक्रम नाही, नवी रचना नाही. का, ते कोणालाच ठाऊक नाही. वाळवीने खाल्लेल्या त्या पानांवर मी सहा वर्षं डोळे फोडलेत. पप्पांना नोटेशन ओ की ठो कळायचं नाही, तरी शेजारी बसून मी मान हलवली की पान उलटायचे.

सभागृहवाल्या बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "शब्बाथ संपला की फोन करा. नाही म्हणालात तर मी समजून घेईन, पण पुन्हा तारीख देणं माझ्या हातात नाही." मी नाही म्हणणार आहे. जवळजवळ ठरलंच आहे. संताप येतो तो त्याचाच.

पंखा फिरतोय. त्याला एक जुनं कुरकुरणं आहे, प्रत्येक फेऱ्याला एकदा. कुर्र... कुर्र... मी डोळे मिटून ते ऐकते. मग ते वरून न येता बाजूने यायला लागतं, आणि मला कळतं की पियानोच्या स्टुलावर कोणीतरी बसलंय आणि स्टूल कुरकुरतंय.

डोक्याला पागोटं, कानांपुढे लांब झुलपं, अंगात बँडचा लाल कोट, खाली धोतर आणि पाय अनवाणी. त्यांचा फोटो कधी कुठे मिळालेला नाही, तरी मला ओळख विचारावी लागत नाही.

"ऊठ," एलोजी म्हणतात.

"शब्बाथ आहे. झोपलेय मी."

"मेलेल्याला कसला शब्बाथ? मना काय रविवारपण मिळत नाय. ऊठ म्हणतो ना."

मी उठते. पियानोकडे चार पावलं टाकते, तर पायाखाली आमच्या फरशीऐवजी गालिचा आहे आणि नाकात मटणाचा आणि चिरुटाचा वास. लांबच लांब टेबल. दोन्ही बाजूंना अफसर बसलेत. त्यांना मिशा आहेत, मिशांच्या वर काही नाही. कोणाचंच आमच्याकडे लक्ष नाही. सुऱ्याकाट्यांचे आवाज चालू आहेत.

"वाजव," एलोजी म्हणतात. "चवथा."

"झाकण बंद आहे."

"मंग टेबलावर वाजव."

मी त्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर बोटं ठेवते. चौथी रचना माझी लाडकी. डावा हात तेच चार सूर घेऊन गोल गोल फिरतो आणि उजव्या हातात वर एक छोटी धून. मी ती गिरकी घेतल्यासारखी वाजवते, झपाझप. गेल्या वर्षी एका घरगुती मैफलीत हीच वाजवली तेव्हा लोकांनी पुन्हा वाजवायला लावली होती. टेबलक्लॉथमधून सूर येतात, स्वच्छ येतात. एक अफसर बुटाने ताल धरतो.

एलोजी माझ्या मनगटावर फाडकन चापट मारतात.

"कशाला नाचतेस गं?"

"नाचत नाहीये. वर 'जलद' लिहिलंय. तुमच्याच पानावर."

"छापणाऱ्यानं लिवलं ते! ह्या मिशीवाल्यांना जेवण पचवायला जलद पायजे व्हतं. तू ह्यांच्यातली हायस का? तुला ऐकू येत नाय, हे काय हाय ते?"

"कसं येणार? तुम्ही नाव तरी दिलंत का त्याला? नुसता चार आकडा. सहा वर्षं मी—"

"चाल," ते म्हणतात. माझा दंड धरतात आणि मला चालायला लावतात.

मी चालते, आणि गालिचा संपून शेणाने सारवलेली जमीन लागते. वर गवताचं छप्पर. मधोमध घाणा, भला मोठा, लाकडी. एक पांढरा बैल डोळ्यांवर झापड बांधून फिरतोय आणि मी त्याच्या मागे फिरतेय. लाकडावर लाकूड घासून कण्हल्यासारखा आवाज येतो. चार सूर. माझ्या डाव्या हाताचे चार सूर, पण किती सावकाश! एका फेऱ्यात मी तीनदा वाजवून मोकळी झाले असते.

"हा माझ्या बापाचा घाणा," एलोजी मागून म्हणतात. "आमाला शनवार तेली म्हणत. शनवारी घाणा बंद, बाकी सहा दिवस ह्योच आवाज. आणि बाप बैलामागं फिरता फिरता पुटपुटायचा. आयक."

उजव्या हातातली धून कोणीतरी घशात म्हणतंय. शेमा. आमची सगळ्यात जुनी प्रार्थना, आमच्यातल्या तान्ह्या मुलालाही आधी तीच ऐकवतात. मी ती रोज म्हणते, इतकी वर्षं वाजवतही आले, आणि दोन्ही एकच आहेत हे माझ्या ध्यानात आलं नाही. वेगाने तिचा चेहराच पुसला होता. सहा वर्षं मी या बैलाला पळवत होते.

मला रडू यायला हवं. पण येतो तो रागच.

"मग तुम्ही कुठे होतात?" मी ओरडते. बैल थांबत नाही. "हे सांगायला कोणी मागे का नाही ठेवलंत? एक शिष्य नाही, एक ओळ नाही. मी आठ वर्षांची असताना माझ्या पियानोच्या बाई म्हणाल्या होत्या, तुमच्या लोकांत हे वाद्य वाजवणारा कोणी झालाच नाही. मी मान खाली घातली होती. तुम्ही झाला होतात! एवढं सगळं येत होतं, आणि तुम्ही झाकण लावून गेलात कुठे?"

"बाप मेला," एलोजी म्हणतात.

आम्ही आता सिनेगॉगमध्ये आहोत. त्यांच्या काळी आमची माणसं त्याला मशीदच म्हणायची. बाक रिकामे आहेत, वर छताला काचेचे दिवे टांगलेले, आणि घाण्याचं कण्हणं कुठूनतरी अजून येतंय. एलोजी बाकावर टेकतात. लाल कोटाचं एक बटण तुटलेलं आहे.

"बाप मेला तवा मी वर्षभर झाकण लावलं. वर्ष सरतंय तोवर आई गेली. आणिक एक वर्ष. मंग बसलो मेसमधी जाऊन, तर बोटं लाकडाची. अफसर हसले. त्यांनी गोव्याचा एक पोरगा ठेवला व्हता वाजवायला, बरा व्हता. मी आलो गावाला परत. झालं."

"कोणी बंद करायला लावलं तुम्हाला?"

"कोनी नाय." ते माझ्याकडे असे बघतात की मी एक पाऊल मागे सरते. "तेच तर! कोनी बोललंच नाय. मीच केलं. मना चांगला पोरगा व्हायचं व्हतं. लोक म्हनले, बघा, गोऱ्यांत राहून पण रीत सोडली नाय. लय बरं वाटलं मना."

"रीतच आहे ती. मोडायची होती का?"

"रीत कशाची? मौजेची ना? लग्नातली गाणी नको, नाच नको, ते बरोबरच हाय. त्याला मी नाय म्हनत नाय." ते ताडकन उठतात. "पन बाप गेल्यावर सात दिवस आमी जमिनीवर बसलो, आणि आठव्या दिवशी माझ्या भावानं बैल जुंपला. घाणा चालू. कोन बोललं त्याला? सांग! बापाची माती ओली हाय आणि ह्यो तेल काढतो, असं कोन म्हनलं?"

मी वर टांगलेल्या दिव्यांकडे बघते.

"उलट ह्या मशिदीतनं माणूस आला तेल न्यायला. हे वरचे दिवे त्याच तेलावर पेटले. त्यांच्या उजेडात बसून मी बापासाठी कद्दीश म्हनलो, मेलेल्यामागं म्हनायची ती प्रार्थना. भावाचं ते काम. आणि माझी ती मौज! पाच वर्षांचा असल्यापासनं बोटं फुटेस्तवर केलं, तरी मौज. दुसऱ्यांनी मानलं तर मानू दे. मी मानलं, बाय. मीच मानलं."

त्यांचा आवाज घुमटात फिरून परत येतो. इतका चिडलेला म्हातारा मी पाहिलेला नाही, आणि मग लक्षात येतं की हे म्हातारे नाहीतच, माझ्याहून लहान आहेत.

मला एकच विचारायचंय. विचारताना माझा आवाज बारीक होतो. "पप्पांना वाईट वाटेल का हो? मी उद्या वाजवलं तर?"

"मना काय माहीत?" एलोजी खेकसतात. "तुझा बाप काय माझ्या शेजारी बसलाय? माझा बाप मना भेटला नाय, तुझा कुठनं भेटणार? मेलेल्या लोकांना इचारून काय करतेस? हात दाव."

"काय?"

"हात!"

मी दोन्ही हात पुढे करते. आम्ही पुन्हा घाण्यापाशी आहोत. खालच्या पन्हळीतून तेलाची धार पडतेय, पिवळी, जाड. ते ओंजळीत तेल घेतात आणि माझ्या बोटांची पेरं चोळायला लागतात, एकेक, निर्दयपणे. करंगळीच्या सांध्यात कळ जाते.

"दुखतंय!"

"दुखू दे. चार महिने बंद ठेवलीस काय गं? गंज चढलाय. माझा भाऊ बैलाच्या खांद्याला असंच तेल लावायचा, जुंपायच्या आधी." ते अंगठ्याने तळवा दाबतात. "सावकाश वाजव. बैल दमला तर थांब. आणि त्यांनी टाळ्या नाय वाजवल्या तरी चालंल, पन कोनी ताल धरला तर उठून सरळ घरी जा. ऐकतेस का?"

"ऐकतेय."

"ताई, ऐकतेस का?" कोणीतरी पुन्हा विचारतं. "ताई?"

मी डोळे उघडते. खोलीत अंधारून आलंय. दारात हनोख उभा आहे. पंखा फिरतोय, कुर्र... कुर्र...

"सूर्य मावळून बराच वेळ झाला. तारेही दिसायला लागले. आत्या गेली घरी." तो आत येतो, माझा फोन टेबलावरून उचलतो. "त्या हॉलच्या बाईंना सांगायचंय ना? तुला बोलवत नसेल तर मी करतो फोन. खरंच. मी सांगतो त्यांना नीट."

तो हे मायेने म्हणतोय. माझ्यावर त्याचा जीव आहे, आणि तो माझ्यासाठी नाही म्हणायला निघालाय. मी उशीवर हात टेकून उठायला जाते, तर हात सटकतो. अभ्र्यावर पिवळा डाग पडलाय. मी बोटं नाकाशी नेते. तीळ. कच्चं, घाण्यावरचं तिळाचं तेल. आमच्या घरात तिळाचं तेल कधी आणतच नाहीत. पेरापेरांत ते मुरलंय, नखांच्या कडांना चकाकतंय, आणि करंगळीचा सांधा ठणकतोय.

"कसला वास येतोय गं?" हनोख विचारतो.

"हनोख, पप्पा गेल्यावर तू ऑफिसला कधी गेलास?"

"का?"

"सांग ना."

"सुतकाचे सात दिवस झाले आणि आठव्या दिवशी. तूच तर डबा दिला होतास." तो हसतो. मग त्याचं हसू तसंच अर्धवट राहतं. तो माझ्याकडे बघतो, बाहेरच्या खोलीतल्या बंद पियानोकडे बघतो, आणि पुन्हा माझ्याकडे. "आत्या काही म्हणाली नव्हती," तो हळूच म्हणतो. "उलट तिनेच मला आशीर्वाद दिला होता."

"मला माहीत आहे. मी तिथेच होते."

तो फोन माझ्यापुढे धरतो. मी घेते, पण तेलकट बोटांत तो टिकत नाही, गादीवर पडतो. मी पुन्हा उचलते, पुन्हा निसटतो. शेवटी हनोख आपल्या शर्टाच्या टोकाला तो पुसतो, नंबर लावतो आणि माझ्या कानाशी धरून उभा राहतो.

"बोला," पलीकडून बाई म्हणतात. "काय ठरलं?"

"मी उद्या कामावर येतेय," मी म्हणते.