नियोजित जावयाच्या क्षयाबाबत

विषय : नियोजित जावयास क्षय असल्याबाबत.
संदर्भ : माझे स्वतःचे दोन कान.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, खाली दिलेला गाढवपणा मी पूर्ण शुद्धीत केलेला आहे. चहा घेत घेत ऐका, पण हसताना कप सांभाळा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि मी तिथे क्षयरोगाच्या विभागात कारकून होतो. दिवसभर क्षय! नवा क्षय, जुना क्षय, बरा होऊन परत आलेला क्षय. त्यात मला वाचनाचा नाद. त्यामुळे जगातलं सगळंच आपल्याला थोडं थोडं कळतं, असा माझा समज झाला होता. या रोगावर मात्र आमच्याकडे गोळी नव्हती.

आमची सुजाता शाळेत गणित शिकवायची. तीन मुलं तिने नाकारली होती. चौथा पोंभुर्ण्याहून आला. नाव मिलिंद, फिजिक्स शिकलेला, नोकरी कर्नाटकात कुठेशी. सोबत त्याचे वडील किसनभाऊ. मुलगा हडकुळा, पिवळट, डोळे खोल गेलेले. असा माणूस आमच्या टेबलासमोर आला की आम्ही आधी खुर्ची मागे सरकवत असू.

मी शेजारी साखर मागायला गेलो होतो. परत आलो तर मुलगा सुजाताला सांगत होता, “...प्रोटीनचा क्षय. त्याच्यासाठीच चार वर्षांपासून खाणीत आहो.”

प्रोटीन! क्षय! खाण! आता तुम्हीच सांगा, क्षयाच्या कारकुनाला आणखी काय पुरावा हवा? आमचे निम्मे रोगी खाणीतूनच यायचे, आणि प्रोटीनची पावडर तर आम्हीच वाटायचो.

“खाणीत म्हणजे, किती खाली?” मी विचारलं.

“दोनेक किलोमीटर, काका.”

“मंग काय होईन! सापडला केव्हा?”

“सापडला कुठी! एक-दोनदा संशय आला. पण नक्की कोणी सांगत नाई.”

“फोटो काढला का?” आमच्यात छातीच्या एक्स-रेला फोटोच म्हणतात.

“फोटोसारखंच असते ते. मागच्या साली एक डाग असा दिसला, का आमी सारे नाचलो!”

डाग दिसला आणि नाचले! मी माझी खुर्ची मागे सरकवली.

“सारे म्हणजे? आणखी किती जण?”

“आमी दहा-बारा. जपानातही हायेत, अमेरिकेतही. हरेकाले वाटते, का पयले आपल्यालेच सापडावा.”

मी बापाकडे पाहिलं. बाप शांतपणे पोहे खात होता. “आमच्या अख्ख्या पोंभुर्ण्यात असं कोणाच्या पोराचं नाई,” तो अभिमानाने म्हणाला.

पाहुणे गेले. सुजाता म्हणाली, “बाबा, मले पसंत हाय. नाई सापडलं तर नाई सापडलं म्हणते तो. खोटं बोलत नाई.” मॅट्रिकच्या निकालादिवशीही तिचा चेहरा असा फुलला नव्हता.

तिची आई म्हणाली, “पोरगा वाळला हाय, पण घरचं खाईन तर भरन.”

भरेल कसला? पण पोरीच्या फुललेल्या चेहऱ्याला ‘नाही’ कसं म्हणायचं? पण मी काही जुन्या विचारांचा माणूस नव्हे. क्षय बरा होतो, हे मी रोज पाहत होतो. ठरवलं, नकार द्यायचा नाही. आधी मुलगा बरा करायचा, मग लग्न. दुसऱ्या दिवशी वळणदार अक्षरात त्याच्यासाठी रुग्णालयात खाट मिळण्याचा अर्ज दिला. ‘रोगाचा प्रकार’ या रकान्यात लिहिलं : प्रोटीनचा. आणि किसनभाऊंना पत्र टाकलं : लग्नाचे नंतर पाहू. आधी मुलाची थुंकी तपासणीस आणावी.

आठवड्याच्या आत किसनभाऊ मुलाला घेऊन दारात. जय भीमसुद्धा केला नाही.

“हुंडा मागणारे सोयरे पाह्यले, थुंकी मागणारा पयलाच पाहून राह्यलो!”

“रागावू नका, किसनभाऊ. लपवून काय फायदा? प्रोटीनचा क्षय हाय म्हणून पोरगा सोता बोलला.”

“प्रोटीन नाई, काका!” मिलिंद ओरडलाच. “प्रोटॉन!”

“हा कोण प्रोटॉन?”

मग त्याने समजावलं. तुम्ही, मी, ही खुर्ची, सगळं अणूंचं. अणूच्या पोटात प्रोटॉन. तो कधी आपोआप मोडतो का, हे पाहायचं. आकाशातून येणारे कण मध्ये लुडबुडू नयेत म्हणून खोल खाणीत लोखंड रचायचं आणि वाट पाहत बसायचं. मोडला तर त्याला म्हणायचं क्षय.

“लोखंड? म्हणजे आयर्नच्या गोळ्या?” माझा जीव अजून फाईल सोडत नव्हता.

“पत्रे, काका. टनानं.”

दारामागे सुजाता ओढणी तोंडात कोंबून हसत होती. मात्र किसनभाऊंचा राग आता मुलाकडे वळला.

“काऊन रे, भगवंतानं सांगूनच ठेवलं ना, सारं अनित्य हाय म्हणून? मंग चार वर्षं खाणीत काय पाहून राह्यला?”

“तपासून पाहा, हेही त्यायनंच सांगितलं ना, बाबा. गणित म्हणते का तो मोडन. मी म्हणतो, दिसू दे.”

“आन् नाईच दिसला तं? बुद्ध खोटा?”

मिलिंदच्या आधी उत्तर दारातून आलं.

“तं आमचं गणित चुकलं म्हणायचं, आन् पुन्हा मांडायचं,” सुजाता म्हणाली. “बुद्धाले काऊन मधात ओढता, मामाजी? मानायची घाई करू नका, एवढंच त्यायचं म्हणणं. आमच्या बाबाले पाहा. ना फोटो, ना थुंकी, एका शब्दावर मानून मोकळे!”

आधी किसनभाऊ हसले, मग सगळेच. आणि पोरीने त्यांना सासऱ्याला म्हणतात तसं ‘मामाजी’ म्हटलं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. तेव्हा मी जो श्वास सोडला, तो दारातल्या कॅलेंडरची पानं हलवून गेला. माझी दोन्ही फुप्फुसं ठणठणीत असल्याचा त्याहून मोठा दाखला आमच्या विभागातही मिळाला नसता.

लग्न विहारात झालं. जावई लग्नानंतर भरला, सुजाताची आई बरोबर होती. दोघांचं छान चाललं आहे. प्रोटॉनचा क्षय अजून कोणाला सापडलेला नाही.

राहता राहिला माझा अर्ज. तो वरून शेरा घेऊन परत आला : ‘प्रोटीनचा क्षय म्हणजे कोणता? संबंधित कारकुनाने खुलासा करावा.’ संबंधित कारकून मीच. अर्ज मागे घ्यावा तर कारण लिहावं लागतं, आणि ते लिहायची माझी छाती झाली नाही. मी यथावकाश निवृत्त झालो.

अर्ज खुलाशाअभावी प्रलंबित आहे.