बिनगिअरचा ट्रॅक्टर आणि जिलानी मिस्त्री

जिलानी मिस्त्रीला निलंग्यात ‘गिअरवाला जिलानी’ म्हणायचे. ट्रॅक्टरला दुसरं काही झालं तर लोक जवळच्या कुठल्याही मिस्त्र्याकडे जायचे, पण गिअरबॉक्स बिघडला की एसटी स्टँडच्या मागच्या त्याच्या पत्र्याच्या शेडपुढं ट्रॅक्टर उभे राहायचे. हा माणूस गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा, इंजिन चालू करायला सांगायचा आणि आत कुठला दात झिजलाय ते बाहेरून सांगायचा. त्याची बायको गौसिया म्हणायची, “नाडी बघणारे हकीम गेले, आन हे लोखंडाचे हकीम तेवढे उरले.” मिस्त्रीला यात टोमणा कधी दिसलाच नाही. तारीफ असो की शिवी, आपल्या सोयीचं तेवढंच कानात घ्यायचं, ही त्याची जुनी खोड.

आयुष्यात एका यंत्रापुढं मात्र तो हतबुद्ध झाला होता. ती गोष्ट भूकंपाच्या सालची. गणपती विसर्जनाच्या रात्री, उजाडायच्या आधी जमीन हलली आणि किल्लारीकडची गावंच्या गावं दगडमातीचे ढीग होऊन बसली. तेव्हा तरणा असलेला जिलानी एका ओळखीच्याचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेऊन ढिगारे वाहायला गेला. तिथं परदेशातून मदतीला आलेलं एक छोटं लोडर काम करत होतं. पुढं जायचं, मागं यायचं, जागच्या जागी गर्रकन फिरायचं. पण चालवणाऱ्याचा पाय क्लचवर जात नव्हता, हात गिअरवर जात नव्हता. जिलानीनं खुणेनं विचारलं, गिअर कुठाय? त्या माणसानं हसून दोन्ही तळहात रिकामे करून दाखवले. चहूकडं आकांत चाललेला. अशा ठिकाणी यंत्राचं नवल वाटावं याची जिलानीला लाजही वाटली, पण नवल काही परवानगी मागून येत नाही. तो आ वासून बघत राहिला आणि मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या.

नंतर कुणीतरी त्याला सांगितलं की त्या यंत्रात दातांऐवजी तेल असतं. पंप तेलाला दाबतो आणि दाबलेलं तेल चाकं फिरवतं. हायड्रोस्टॅटिक म्हणतात त्याला. जिलानीला ते पटलं नाही. तेलाचं काम वंगणाचं. तेलच गाडी ओढायला लागलं, तर लोखंडानं काय बघत बसायचं? त्यानं तो विषय मनातून काढून टाकला आणि पुढची कितीतरी वर्षं गिअरचेच दात बसवले.

त्याच भूकंपात जवळच्या एका खेड्यातल्या सटवाजीच्या घराची भिंत पडली आणि त्याची लहानगी सिंधू तिच्याखाली आली. पोर वाचली, डावा पायही वाचला, पण गुडघा कायमचा ताठ झाला. सिंधू तशीच मोठी झाली. लग्नाचं जमलं नाही असं गाव म्हणायचं; मीच जमू दिलं नाही असं सिंधू म्हणायची. ताठ पाय ओढत ती बापाबरोबर रानात जायला, औताच्या बैलांचा कासरा धरायला लागली आणि हळूहळू रान तिचंच झालं. कुठल्या कोपऱ्यात पाणी मुरतं, कुठं कुंद्याचं चिवट गवत माजतं, हे सटवाजीसुद्धा तिलाच विचारायचा.

मग लातूरला क्लासचं वारं सुटलं. दहावी झालेलं पोर दिसलं की त्याला लातूरला धाडायचं, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर करायचं. सिंधूचा धाकटा भाऊ शिवशंकरही गेला. पोराच्या जेवणाचे हाल होतात म्हणून मागोमाग आई कस्तुराबाई गेली आणि दोन खोल्या घेऊन राहिली. पोराच्या मित्रांनी तिच्या हातची भाजी खाल्ली, त्यांनी आणखी मित्र आणले आणि बघता बघता मेस उभी राहिली. सटवाजीही महिन्यातला बराच काळ तिकडंच राहून भाजी आणायला लागला. गावातले ट्रॅक्टर चालवणारे गडीसुद्धा लातूरला पोरांच्या रिक्षा चालवायला गेले.

गावात सिंधू आणि रान तेवढं उरलं. बैल म्हातारे होऊन गेले होते. भाड्याचा ट्रॅक्टर सांगावा, तर तो आज येतो, उद्या येतो. काळ्या मातीचा मोठा नखरा असतो. पावसानंतर तिला वाफसा येतो, म्हणजे माती पेरण्याइतकी ओली असते, पण पायाला चिकटत नाही. तेवढी वेळ साधली तर सोनं, हुकली तर नुसती ढेकळं. सिंधूची ती वेळ दोन हंगाम हुकली. शेवटी सटवाजीनं सांगून टाकलं, “हे बघ, एक तर तुला चालवता येईल असा ट्रॅक्टर घेऊ. न्हाईतर रान दुसऱ्याला वाट्यानं, बटईनं देतो, आन तू लातूरला चल. तुझ्या मायला पोळ्या लाटायला माणूस पाहिजेच हाय.”

सिंधूनं वाद घातला नाही. ती दुसऱ्या दिवशी निलंग्याला जिलानीच्या शेडमध्ये येऊन बसली. “चाचा, लातूरच्या खोलीत माझा जीव गुदमरतो. खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी दिसती. काहीबी करा, पर मला ट्रॅक्टरवर बसवा.”

मिस्त्रीला वाटलं, हे तर डाव्या हाताचं काम. क्लच पायाऐवजी हातानं ओढायचा, बस्स. त्यानं एका जुन्या ट्रॅक्टरच्या क्लचला लोखंडी दांडा जोडून दिला. पण स्टिअरिंग, गिअर, मागचं औजार उचलायचा दांडा आणि आता हा चौथा. माणसाला हात दोनच. तासाच्या, म्हणजे नांगरलेल्या ओळीच्या, टोकाला वळताना सिंधूचा हात एका दांड्यावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत ट्रॅक्टर बांधावर चढला आणि कलला. पडला नाही, ही अल्लाची मेहेरबानी. मिस्त्रीनं त्याच दिवशी तो दांडा कापून टाकला.

अशात सटवाजीला लातूरला एका मोठ्या क्लासच्या वसतिगृहामागं ताडपत्रीखाली झाकलेला छोटा ट्रॅक्टर दिसला. हिरवळ राखायला बाहेरदेशाहून आणलेला, बिनक्लचचा, हायड्रोस्टॅटिक. पुढं जायला एक पेडल, मागं यायला एक, दोन्ही उजव्या पायाखाली. पाय उचलला की ट्रॅक्टर उभा. तिथल्या ड्रायव्हरांचं त्याच्याशी कधी पटलं नाही, म्हणून तो विकायचा होता. “रानात चालवून बघा, मग बोला,” असं म्हणून व्यवस्थापकानं तो टेम्पोवर चढवून दिला. सटवाजीनं सावधगिरी म्हणून निलंग्याच्या दुकानातून गिअरचा एक नवा ट्रॅक्टरही दाखवायला बोलावला. सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्याच्या पेरणीला रान मोकळं होतं आणि नेमका वाफसा आला होता. दोन्ही ट्रॅक्टर बांधाला उभे राहिले. सटवाजी म्हणाला, “मिस्त्री, तुमी म्हणाल तो घेऊ.”

आधी गिअरचा चालवला. मागं फणांचा मोगडा लावला, दुसऱ्या गिअरमध्ये टाकला आणि तो लोण्यातून सुरी जावी तसा या टोकाचा त्या टोकाला गेला. मधल्या कुंद्याच्या पट्ट्याची त्यानं दखलसुद्धा घेतली नाही. जिलानीचा ऊर भरून आला. याला म्हणतात दात!

मग तोच मोगडा छोट्याला लावला आणि मिस्त्री स्वतः बसला. हातानं इंजिनचा वेग लावला, कासवाचं चित्र असलेल्या, म्हणजे मंद चालीच्या, बाजूला दांडा टाकला आणि पेडल दाबलं. ट्रॅक्टर बारीक शीळ घालत निघाला. कुंद्याच्या पट्ट्यात फण रुतले, इंजिन कण्हायला लागलं. मिस्त्रीनं पेडल आणखी दाबलं. इंजिन बंद! पुन्हा चालू केलं, पुन्हा तिथंच आला, पुन्हा पाय रेटला. बंद. दुकानाच्या ड्रायव्हरला हसू आवरेना. त्यानंही बसून पाहिलं. तोही तिथंच अडला. घाम पुसत मिस्त्री खाली उतरला आणि म्हणाला, “सटवाभाऊ, गवत कापायची मशीन हाय ही. काळ्या रानाचं काम न्हाई हिचं.”

सटवाजी लेकीकडं बघून हलकेच म्हणाला, “ऐकलंस न्हवं? चल मग, आवराआवर कर.”

सिंधू पुढं आली. “चाचा, घ्यायचा नसला तरी एकदा बसू द्या मला.”

मिस्त्रीचा जीव कळवळला. नाही कसं म्हणायचं? सिंधूनं दोन्ही हातांनी ताठ पाय उचलून आत ठेवला, बैठकीवर सरकली आणि मिस्त्रीनं सांगितलं तसं सगळं केलं. ट्रॅक्टर निघाला. पट्टा आला, फण रुतले, इंजिन कण्हलं. आता बंद पडणार म्हणून मिस्त्री स्टार्टर मारायला पुढं धावला.

सिंधूनं पेडल दाबलं नाही. उलट पाय सैल सोडला, अगदी थोडासा. ट्रॅक्टर मंदावला, जवळजवळ थांबलाच. इंजिनचं कण्हणं बसलं, आवाज पुन्हा गोल झाला आणि फणांनी कुंद्याच्या गड्ड्या मुळासकट उपसत पुढं सरकायला सुरुवात केली. काळी ओली माती दोन्ही अंगांना पडत होती. पट्टा संपला तसा तिनं पाय पुन्हा दाबला आणि ट्रॅक्टर खुशीत पुढं गेला. पुढच्या तासाला तेच, त्याच्या पुढच्या तासाला तेच.

जिलानी मिस्त्री ढेकळांतून ठेचकाळत तिच्या बाजूनं पळायला लागला. “पोरी, पाय का सोडलास तू?”

“वझं आलं नव्हं चाचा,” सिंधू वरूनच ओरडली. “औत अडलं की कासरा सैल सोडायचा, बैलाला दमानं वढू द्यायचं. तिथं चाबूक मारला तर त्यो बसतोच!”

“अगं, बैल न्हाई हा, मशीन हाय!”

“हाव, पर कण्हला तर बैलावानीच की!”

मिस्त्री मधल्या तासात उभाच राहिला. त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं. गिअरच्या ट्रॅक्टरवर जोर आधीच ठरवून ठेवायचा असतो आणि मग पाय रेटायचा असतो. आयुष्यभर तेच केलेला पाय इथंही तेच करत होता. या ट्रॅक्टरला पाय रेटला म्हणजे वेग मागितला, आणि पाय सैल केला म्हणजे जोर मागितला. त्यानं आजवर उघडलेले सगळे गिअर, लहान दात आणि मोठे दात, त्या एका पेडलात होते आणि त्यांच्यामध्ये कुठं सांधासुद्धा नव्हता. लोखंडाला जे जन्मात जमलं नाही ते तेलानं केलं होतं. आणि त्या तेलाशी बोलायचं कसं, ते या पोरीला ठाऊक होतं, कारण तिच्या पायानं कधी क्लच दाबलाच नव्हता. “या अल्ला,” तो पुटपुटला, “काय काय बनवून ठेवलंस!” यंत्राकडं बघून म्हणाला की सिंधूकडं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

सटवाजी बांधावरून आला. “मग मिस्त्री? कुठला?”

जिलानी भाबडा होता, पण धंद्यात खोटं बोलायचा नाही. “खरं सांगतो. खोल नांगरट याच्यानं व्हायची न्हाई. लई वेळ वझं वढलं तर तेल तापतं. धूळ आत गेली तर पंप खलास. उन्हाळ्यात एकदा भाड्यानं नांगरून घ्या, तवा कुणाला घाई नसती. कुळवाची पाळी, पेरणी, शेणखत भरणं, ही कामं हा करल. ब्रेक डाव्या अंगाला हाय, त्याला मी हातदांडा करून देतो.”

“आन बिघडला तर?”

“यातलं मला वो का ठो येत न्हाई. शिकीन.”

सटवाजीचं मन अजून घुटमळत होतं. “गिअरचा कसा, कुणीबी चालवतंय.”

“कुणीबी चालवतंय म्हणूनच तर तो तुमच्या रानात येळेवर येत न्हाई, सटवाभाऊ,” मिस्त्री जरा चिडूनच म्हणाला. “घरात चालवणारं माणूस असताना कुणीबी कशाला पाहिजे?”

सटवाजीनं रानाकडं पाहिलं. तिकडं सिंधू वळण घेत होती. पुढचं पेडल सोडून मागचं दाबत होती, ट्रॅक्टर हात धरून नेलेल्या पोरासारखा मागं येत होता. दुकानाचा ड्रायव्हरसुद्धा हसायचा थांबून बघत होता.

इतक्यात सटवाजीचा फोन वाजला. लातूरहून कस्तुराबाई होती, काय ठरलं विचारत होती. “थांब, तिलाच इचार,” सटवाजी म्हणाला. तो तास ओलांडून ट्रॅक्टरपाशी गेला आणि फोन वर सिंधूच्या हाती दिला. सिंधूनं पाय उचलला. ट्रॅक्टर उभा राहिला.

“हाव आई, येते की. हरभरा पेरून झाला की येते.” पलीकडून कस्तुराबाई सामानाचं काहीतरी विचारत असावी. सिंधू रानाच्या दुसऱ्या टोकाकडं बघत हसली. “छे गं, पेटी कशाला? दोन लुगडी आणते. पाव्हणी म्हणून येतेय मी.”

फोन परत घ्यायला सटवाजीनं वर केलेला हात तसाच राहिला, आणि जिलानी मिस्त्रीनं तोंड फिरवून टोपीनं डोळे पुसले.