साहेबांचं स्टूल

आमच्या साहेबांना केबिन होती, केबिनला काचेचं दार होतं, दारावर त्यांच्या नावाची पाटी होती. फक्त आत साहेब नसायचे. एक निळं प्लास्टिकचं स्टूल हातात धरून ते ऑफिसभर हिंडत असायचे. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या टेबलापाशी स्टूल ठेवायचे, बसायचे आणि म्हणायचे, "हां, पहिल्यापासून सांग." नव्या माणसाला वाटायचं, पंखे दुरुस्त करणारा आलाय. मलाही तसंच वाटलं. कामावरच्या पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणालो, "भैया, वो कोनेवाला देखो, बहुत आवाज करता है." साहेबांनी मान वर करून पंखा पाहिला, "करतोय खरा," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून तो नीट करून घेतला. ही गोष्ट माझी बायको घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते, म्हणून मीच आधी सांगून टाकली.

आमचं ऑफिस काशीमीऱ्याला. मीरा रोड-भाईंदरच्या सोसायट्यांच्या लिफ्ट सांभाळायच्या, बिघडल्या की दुरुस्त करायच्या. माझ्याकडे तक्रारींचे फोन. आलेली तक्रार रजिस्टरमध्ये उतरवायची आणि मेकॅनिकला पाठवायचं. "म्हणजे शिव्या ऐकायचा पगार मिळतो," हे बायकोचं म्हणणं. त्याआधी मी फोर्टातल्या एका ऑफिसात होतो. तिथे "साहेबांनी आत बोलावलंय" एवढं ऐकलं की माझ्या पोटात कळ यायची. इथे आत बोलावणंच नव्हतं. मी एकदा कारण विचारलं, तर साहेब म्हणाले, "टेबलामागून माणूस कमरेच्या वरच दिसतो, राणे. त्यातून तो निम्मा घाबरलेला. मग माझ्या वाट्याला उरला किती?"

साहेब इथल्याच मूळ गावातले, पूर्वी मिठागरं असलेल्या घरातले. एरवी ऑफिसातलं मराठी बोलायचे, पण चिडले की गावची बोली वर यायची. उपाशी माणसाशी कामाचं बोलायचे नाहीत, हा त्यांचा आणखी एक नेम. "जेवलास?" हा पहिला प्रश्न. उत्तर नाही असेल, तर "मग आधी डबा खा, मी बसलोय," म्हणून खरोखरच बसून राहायचे. आपण भेंडी चावतोय आणि साहेब शांतपणे बघतायत, यापेक्षा रागावलेले परवडले असते.

कौतुकाच्या बाबतीत मात्र चिक्कू. "व्हेरी गुड" त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. पण एकदा ते यादव मेकॅनिकपाशी स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "परसों लिफ्ट में अटकी उस दादी को बाहर निकालके तू घर के अंदर तक छोड़के आया. उनकी बहू बता रही थी." एवढंच बोलून उठले. सहा फुटी यादव त्यानंतर बराच वेळ पाठमोरा होऊन एकच पाना पुसत बसला होता.

आता माझा पराक्रम. मीरा रोडच्या पूनम सागर भागातल्या एका सात मजली सोसायटीतून दुपारी फोन आला, लिफ्ट बंद. मी ते एका चिठ्ठीवर लिहिलं, जेवून रजिस्टरमध्ये उतरवू म्हटलं, आणि त्याच चिठ्ठीवर डबा ठेवला. जेवलो, डबा पिशवीत टाकला. डब्याच्या बुडाला तेल. चिठ्ठी त्याला चिकटून पिशवीत गेली. संध्याकाळी सेक्रेटरी शहाभाईंचा फोन आला तेव्हा कळलं, की डायलिसिस करून आलेल्या एका काकांना चार शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून सहाव्या मजल्यावर उचलून नेलं होतं. यादव धावला, लिफ्ट तासाभरात सुरू झाली. पण शहाभाईंनी कंपनीच बदलायची भाषा केली. माझी नोकरी गेली हे मी धरूनच चाललो. मुलगी दहावीला होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळं स्टूल माझ्या टेबलाकडे येताना दिसलं.

"जेवलास?"

"सकाळचे दहा वाजलेत, साहेब."

"मग नाश्ता?"

केला नव्हता. त्यांनी समोरच्या टपरीवरून पोहे मागवले. माझे संपेपर्यंत बसले. मग सगळं पहिल्यापासून ऐकलं. चिठ्ठीचं ऐकताना कपाळावर आठी आली. "असं चालनार न्हाय, राणे. अजिबात न्हाय. चल माझ्याबरोबर."

सोसायटीत पोचलो. लिफ्ट चालू होती, तरी साहेब जिन्याकडे वळले. "त्या चौघांनी काय उचललं ते कळू दे जरा. मलाही, तुलाही." सहाव्या मजल्यावर मला इतका दम लागला होता, की माफी मागायला तोंडातून शब्द निघेना. काकांनीच मला पाणी दिलं. म्हणाले, "अहो, चौघांनी उचलून नेलं तरी अजून इथेच आहे. मला काय होतंय!"

खाली शहाभाई तयारच होते. "साब, ये आदमी बदलो, नहीं तो हम कंपनी बदलेगा."

"गलती हमारी है, शहाभाई, पूरी," साहेब म्हणाले. "पर आदमी नहीं बदलेगा. पिछले साल मोटर जली थी, याद है? सातवें माले की मॅडम को नौवां महीना चालू था. इसने रोज सुबह-शाम उनको फोन करके पूछा, नीचे उतरना है क्या, आदमी भेजूं क्या. वो रजिस्टर में नहीं लिखा है. मैं बाजू में बैठा था, इसलिए मालूम है."

मी ते फोन केले होते, ते खरं. पण कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. दुसऱ्या कुणी ते लक्षात ठेवलं असेल, असं मनातही आलं नव्हतं. शहाभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "ठीक है. लेकिन चिठ्ठी पे नहीं लिखने का." आजतागायत मी चिठ्ठीवर किराण्याची यादीसुद्धा लिहिलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभात हार घेतला, भाषण टाळलं आणि स्टूल घेऊन एकेका टेबलापाशी बसले. प्रत्येकाला त्याची अशी एकेक गोष्ट सांगितली, जी तो स्वतः विसरला होता. मला म्हणाले, "माझी केबिन तुला देतायत. स्टूलही घे. जपून बस मात्र, तुझं वजन बघता."

मी केबिनमध्ये रमलो, हे कबूल करतो. एसी आहे, काचेत केस नीट करता येतात. गेल्या महिन्यात, आता माझ्या जागेवर फोन घेणाऱ्या शबानाकडून एक तक्रार राहून गेली. मी दार उघडून म्हणालो, "शबाना, जरा आत या." ती उठली. तिचा चेहरा पाहिला आणि मला फोर्टातली पोटातली ती कळ आठवली. "नाही, बसा, बसा," म्हणालो, कोपऱ्यातलं स्टूल पुसलं, तिच्या टेबलापाशी नेलं आणि जपून बसलो. "हां, पहिल्यापासून सांगा." तिने सगळं सांगितलं. चुकीत अर्धा वाटा माझाच निघाला.

केबिनमध्ये परतून मोठ्या ऐटीत भाईंदर पश्चिमेला साहेबांच्या घरी फोन लावला. सगळं सविस्तर सांगितलं. म्हटलं, आता तरी "व्हेरी गुड" येईल.

साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती जेवली होती का?"

घड्याळात अडीच वाजले होते. काचेतून पाहिलं, शबानाचा डबा टेबलावर तसाच होता, न उघडलेला.

"फोन ठेवतो, साहेब," म्हणालो, आणि पुन्हा स्टूल उचललं.