गॅस बंद करून आले हं!

मावशीचं दिवसकार्य आटोपलं आणि मंदारचा फोन आला. मंदार तिचा मुलगा, माझा मावसभाऊ. इकडचं तिकडचं बोलून सहज म्हणाला, "आईचा फोन पुसून साफ केला गं. कामाच्या ताईंना देऊन टाकला." शहाडच्या माझ्या स्वयंपाकघरात मी ओट्याशी उभी होते. "अरे गाढवा, तिच्या गोष्टी होत्या त्यात!" एवढंच तोंडातून निघालं... आणि रडू फुटलं. मावशी पुन्हा एकदा गेली, असंच वाटलं मला.

सुमनमावशी वर्तकनगरची. शाळेतून निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत तिनं मुलांचं वाचनालय काढलं होतं. इमारत पाडायला निघाली, खोली गेली, पुस्तकं खोक्यांत गेली आणि ही बाई भाड्याच्या घरात नुसती खिडकीशी बसून राहायला लागली. मला ते बघवेना. म्हणून मी तिला फोनवर मुलांचं एक मोफत ऑनलाइन वाचनालय उघडून दिलं. चित्रांची पुस्तकं, मराठी गोष्टी, ना वर्गणी ना दंड. "दंड नाही? मग कार्टी पुस्तकं परत कशाला आणतील?" हा तिचा पहिला प्रश्न! परत आणायचंच नसतं, हे तिच्या गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ आले.

तिथल्या गोष्टी आपल्या आवाजात वाचून, रेकॉर्ड करून देता येतात, हे कळलं मात्र, बाईसाहेब सुटल्याच. सकाळी कुकर चढवायचा, फोन पिठाच्या डब्याला टेकवायचा आणि वाचायला सुरुवात. राक्षस राजवाड्यात शिरतोय आणि मागे शिट्टी! की लगेच, "थांबा हं मुलांनो, गॅस बंद करून आले." मी म्हटलं, "अगं मावशी, तेवढं कापून टाक ना." तर उसळलीच. "का म्हणून? गोष्ट सांगणाऱ्या बाईलाही जेवायला लागतं, कळू दे की पोरांना." मी हट्टानं तोच धोशा लावला. शेवटी म्हणाली, "बरं बाई, सगळं तपासते आणि मगच वाचनालयात चढवते." आणि मग ती आजारीच पडली... तपासायचं राहिलं, सगळं फोनमध्येच राहिलं, असं मी धरून चालले होते.

माझी लेक ईरा शेजारी येऊन उभी राहिली. "आई, त्या गोष्टी तर आहेत ना तिथे. सगळ्या. आजीनं कधीच टाकल्यात."

"मला कशी नाही बोलली?"

"ती म्हणाली, आईला सांगू नकोस, कापायला लावेल."

हसू की रडू, कळेना! ईरानं माझ्याच फोनवर ते वाचनालय उघडलं आणि खरंच... मावशीचा खणखणीत आवाज. छातीवरचा धोंडा उतरला. कुणालाही, कुठेही, फुकट ऐकता येईल अशी ठेवून गेली होती ती स्वतःला. मंदारला लगेच कळवलं. तो नुसतं "सुटलो गं" म्हणाला.

आता मीही सकाळी कुकर चढवते आणि फोन डब्याला टेकवते. काल राक्षसाचीच गोष्ट लागली. तिकडे शिट्टी झाली, "गॅस बंद करून आले" झालं, सपातांचा आवाज लांब गेला. मग काहीच नाही. मला ती शांतता सोसेना. पुढे सरकवायला बोट नेलं, तर ईरानं माझा हात धरला.

"थांब ना आई. येते ती."

आम्ही दोघी ओट्याशी थांबलो. सपाता परत वाजल्या.

"हं, आले. कुठे होतो आपण?"