एक्केचाळीस पानांचा पुडा

माझ्या धाकट्या बहिणीला मोजायला कुणी शिकवलं नाही. शाळेत जायच्या आधीच तिला सत्तरपर्यंत येत होतं, आणि सत्तरच्या पुढेही काही असतं हे बरीच वर्षं तिला मान्य नव्हतं. त्याला कारण आमची माय आणि तेंदूपत्ता. गडचिरोलीच्या आमच्या भागात मे महिना म्हणजे पानांचा महिना. उजाडता उजाडता बाया घोळक्यानं जंगलात शिरतात, विडीसाठी लागणारी तेंदूची पानं तोडतात, दुपारी घरी बसून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात तिथं, नेऊन देतात. एका पुड्यात सत्तर पानं असावीत असा नियम आहे. बाकीच्यांचा पुडा पासष्टवरही आटोपायचा, मी कुणाचं नाव घेणार नाही. आमच्या पुड्यात मात्र सत्तर म्हणजे सत्तर, कारण माझी बहीण समोर बसलेली असायची. एखादं पान कमी पडलं तर ती कानांवर हात ठेवून असं काही ओरडायची की शेजारची म्हैस दोर ओढायची. फळीवरच्या मुन्शीनं आमचे पुडे मोजायचं सोडूनच दिलं होतं.

ती स्वमग्न आहे. हा शब्द आमच्या घरात आला तेव्हा ती सात वर्षांची होती. गडचिरोलीच्या एका डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं, मायनं पदर तोंडाला लावून ऐकलं आणि परतताना एसटीत मला म्हणाली की चला, नाव तरी कळलं. तोवर गावात तिला येडी म्हणायचे. मी त्यावरून दोनचार जणींशी कडाक्याचं भांडले आहे, अजूनही भांडते. माझा स्वभावच तसा आहे, राग नाकावर. माय भांडायची नाही. ती बहिणीला पानं द्यायची. बहिणीला तेंदूचं पान आवडायचं. ती त्याची गुळगुळीत बाजू गालाला लावायची आणि तासभर गप्प बसायची.

गोष्ट सुरू झाली ती अशीच, तिला एका जागी बसवायला. दिवसाचा शेवटचा पुडा गोष्टीचा, असं मायनं ठरवून टाकलं. एका पानाला एक वाक्य. पान रचलं की वाक्य, वाक्य झालं की पुढचं पान. सत्तर झाली की सालीच्या दोरानं पुडा बांधायचा आणि गोष्ट तिथल्या तिथं थांबायची, मग तिची नायिका विहिरीत लोंबकळत असली तरी. पुढचं उद्या. पानांचा हंगाम संपला की गोष्टही संपली, ती थेट पुढच्या मे महिन्यात. मधले अकरा महिने बहीण ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी म्हणायची, मायच्या खोकल्यासकट.

गोष्ट एका मुलीची होती. तिची सावली एक दिवस रागावून निघून गेली, म्हणून ती सावली शोधायला वारुळातून खाली उतरते. खाली दुसरं जंगल असतं, उलटं. तिथं झाडं वरून खाली वाढतात, अस्वलं ओसरीवर बसून चटया विणतात आणि वाघाला रस्ता विचारला तर तो आधी पाणी देतो, मग रस्ता सांगतो. ती मुलगी कुणाशी बोलत नाही. बोलण्याऐवजी मोजते. खालच्या जंगलात मोजणारं माणूस फार मानाचं, कारण तिथं कुणालाच मोजता येत नाही. ही मुलगी कोण, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, पुस्तकात डोकं घालून बसल्याचं नाटक करायचे आणि कान सगळे तिकडे असायचे.

शेवटच्या वर्षी माय म्हणाली होती, आजच्या पुड्यात गोष्ट सरवतो. सहा हंगाम चालली होती ती गोष्ट. मी तर पुस्तक मिटूनच बसले. पंचविसाव्या पानाला मायला थंडी वाजायला लागली, बाहेर ऊन रणरणत होतं. बाबा म्हणाले ऊठ, अंगावर घे काहीतरी. ती म्हणाली एवढं होऊ द्या. एक्केचाळिसाव्या पानाला ती म्हणाली, "मंग ते पोरगी नदीवर आली, नाव काठालेच होती, पन नावेत कोनी नोतं." आणि हातातली पानं खाली ठेवून आडवी झाली. उरलेलं उद्या, म्हणाली. ताप होता. दुसऱ्या दिवशी जीपनं तिला दवाखान्यात नेलं. तिथं सगळ्यांनी जिवापाड केलं, पण ताप डोक्यात गेला होता. चौथ्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं ती शेवटचीच.

बहीण रडली नाही. आलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या की बरं आहे बिचारीचं, तिले का समजते. मी त्या दिवशी भांडले नाही, अंगात त्राणच नव्हतं. तिला काय समजत होतं ते मी रोज पाहत होते. पुडे बांधायच्या वेळी, उन्हं छपराखालून सरकली की, बहीण ती एक्केचाळीस पानं घेऊन मायच्या जागेसमोर बसायची. मोजायची. एक्केचाळीसला थांबायची, वर बघायची. थोडा वेळ वाट बघायची आणि पानं बिस्किटाच्या डब्यात ठेवून द्यायची. मी एकदा पुढचं वाक्य घालून पाहिलं. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

पुढे मला वरोऱ्याला शाळेत नोकरी लागली. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, आणि शाळेतली पोरंही मला बाईच म्हणतात, त्यामुळे दिवसभर कुणी हाक मारली की मला घरचीच आठवण. खोली घेतली होती बाजाराजवळ. शाळा सुटली की खोलीवर येऊन करायचं काय? मी मायची गोष्ट लिहायला घेतली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी लिहिली, कारण माझ्या वर्गात त्या वयाची मुलं होती आणि त्यांच्यात दोघांची आई नव्हती. सावली शोधणारी मुलगी, उलटं जंगल, चटया विणणारी अस्वलं, सगळं आलं. फक्त मी एक भर घातली. माझ्या पुस्तकातल्या मुलीची आई सुरुवातीलाच वारलेली आहे, आणि ती सावली शोधायला म्हणून जाते पण शोधते आईला.

नावेपर्यंत मायचं बोट धरून आले. पुढे माझं मला लिहायचं होतं. आणि मी लिहिलं ते असं: मुलगी आईचा अर्धवट राहिलेला पुडा घेऊन मोहाच्या झाडाखाली बसते, राहिलेली एकोणतीस पानं तोडून त्यात घालते, पुडा बांधते, मोठ्यानं सत्तर म्हणते, आणि पायवाटेवरून आई येते. डोक्यावर पानांचं गाठोडं, कपाळावर घाम. "लय उशीर झाला का वं?" असं विचारते. असं लिही म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रकाशकाच्या माथी मारायला मला आवडलं असतं, पण तो बिचारा फक्त शुद्धलेखन बघत होता. ते वाक्य लिहून झालं तेव्हा मी पोटभर रडले आणि मग मला छान भूक लागली.

पुस्तक आलं. चंद्रपूरला एका वाचनालयात छोटा कार्यक्रम झाला, शाल दिली, मुलांना दुःख कसं समजावावं यावर मी अर्धा तास बोलले. आता आठवलं की कानशिलं तापतात. घरी एक प्रत बहिणीला दिली. ती तेव्हा चौदाची होती, वाचते चांगलं, फक्त सावकाश आणि मोठ्यानं. अकरा दिवस वाचत होती असं बाबांनी फोनवर सांगितलं. काय म्हणाली, मी विचारलं. बाबा म्हणाले काही नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मला वाटलं, आवडलं. हुरळले होते मी.

मे महिन्यात सुटीला घरी गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाला हाक मारली तर बहीण नाही. न्हाणीत नाही, परसात नाही. बिस्किटाचा डबा उघडा पडलेला, आत काही नाही. आमच्या जंगलात आता एकटं कुणी जात नाही. त्या हंगामात वाघ दोनदा दिसला होता. बाया दहा-बाराच्या घोळक्यानं, हाका देत, डबे वाजवत जात होत्या. आणि माझी बहीण आवाज सहन होत नाही म्हणून घोळक्यात कधी जात नाही. बाबा बायांच्या मागं धावले. मी मात्र कुठं जायचं ते ओळखून होते. मीच लिहिलं होतं ते. नाल्यापलीकडचं मोहाचं झाड, माय पानं तोडून दम खायला बसायची ते.

ती तिथंच होती. पाय पसरून बसली होती, मांडीवर पुडा. खालची पानं तीन वर्षांची, करडी, कडेनं तुटलेली. वरची हिरवीगार. सालीचा दोर मायसारखाच दोन वेढे घालून बांधलेला. मी धावत गेले, हात उचलला, मारणारच होते. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती पुडा मोजत होती, नखानं एकेक कड वर करत. मी उभी राहिले, कारण ती मोजत असताना तिला थांबवायचं नसतं. सत्तर, ती मोठ्यानं म्हणाली.

"सत्तर झाले, बाई. माय काऊन नाई आली?"

मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले, जवळ बसलेलं तिला चालत नाही.

"मी खोटं लिवलं," मी म्हणाले. "माय मेली. मेलेलं मानूस येत नाई. कितीबी पानं घातली तरी येत नाई."

"मंग काऊन लिवलं?"

"मले पाह्यजे होती म्हनून."

ती यावर रागावेल, ओरडेल, डोकं आपटून घेईल असं मला वाटलं. तिनं दोर सोडला. एकेक करत वरची हिरवी पानं काढली, एकोणतीस मोजली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "हे तुये," म्हणाली. "मायचे एक्केचाळीस." करडी पानं तिनं परत बांधली आणि उठून घराच्या वाटेला लागली. मी तिच्या मागून, हाका देत, वाजवायला डबा नव्हता म्हणून टाळ्या वाजवत. ती कानांवर हात ठेवून चालत होती.

घरी आल्यावर तिनं माझं पुस्तक काढलं, भाताची शितं घेतली आणि नावेच्या पुढचा सगळा भाग नीट चिकटवून टाकला. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी प्रकाशकाला सांगून पुस्तक तिथंच थांबवलं. नाव काठाला आहे आणि नावेत कुणी नाही. मुलं पत्र लिहून भांडतात, पुढे काय झालं म्हणून विचारतात, काही तर मला चांगलीच झापतात. त्यांचं बरोबर आहे. मलाही ते विचारायचं आहे, फक्त जिला विचारायचं ती नाही.

बहीण आता रोज एक्केचाळीस मोजते, डबा बंद करते आणि वर बघत नाही. बाबा म्हणतात, निवली पोरगी. माझी एकोणतीस पानं वरोऱ्याच्या खोलीत उशाखाली आहेत, आता ती पण करडी झाली. कार्यक्रमात मी शेवट का काढला ते सांगते, आणि कुणी विचारलं की बहिणीला तो खरा वाटला का, तर मी हो म्हणते आणि लोक हळहळतात. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी मोहाखाली ती सत्तर म्हणाली, तेव्हा ती पुड्याकडे बघत होती. पायवाटेकडे बघत होते ती मी.